आरोग्याचा हिशेब भरसभेत

सार्वजनिक आरोग्याविषयी आपल्याकडे बोलणे पुष्कळ होते, परंतु ते बहुधा दोनच ठिकाणी होते. एक सरकारी कचेरीत. तेथे आकडे असतात पण माणसे नसतात. दुसरे दवाखान्याच्या बाकावर. तेथे माणसे असतात पण त्यांचे बोलणे कोणी लिहून घेत नाही. आकडे आणि माणसे एका मांडवाखाली आणणारी जी तिसरी जागा, ती म्हणजे जाहीर सभा. अधिकारी समोर बसला आहे, डॉक्टर समोर बसला आहे, आणि गावातला कोणीही उठून विचारतो आहे की पाणी गढूळ का येते, औषध बाहेरून का आणावे लागते, बाळंतपणाला बाई तालुक्याला का न्यावी लागते. अशा सभेचा इतिहास आपल्याकडे कोणी सलग मांडलेला आमच्या पाहण्यात नाही. तो थोडाबहुत मांडावा, एवढाच या व्याख्यानाचा हेतू आहे.

आम्ही डॉक्टर नाही आणि प्राध्यापकही नाही. शाळेत आम्ही बसलो ते थोडकी वर्षे. पुढचे शिक्षण वाचनालयात आणि युनियनच्या कचेरीत झाले. पण तीस वर्षे कामगारांच्या अर्जांची कागदपत्रे हाताळताना एक गोष्ट आम्ही पक्की शिकलो. तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते. चार लोकांत मांडलेली आणि कागदावर उतरलेली तक्रार तेवढी जिवंत राहते. आरोग्याच्या इतिहासातही हेच घडले आहे.

बेलापूरला हा विषय परका नाही. प्रवरेच्या काठचे हे गाव. १८७८ साली दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू झाला, रेल्वेने स्टेशनाला बेलापूरचे नाव दिले, आणि त्या स्टेशनाभोवती पुढे श्रीरामपूर शहर वाढले. पहिल्या महायुद्धानंतर हरिगावला बेलापूर कंपनीचा साखर कारखाना उभा राहिला. १९२६ साली भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले आणि प्रवरेच्या पाटांनी हा दुष्काळी मुलूख उसाचा मुलूख झाला. रेल्वे, पाट आणि कारखाना या तिन्ही गोष्टींनी येथे पैसा आणला. आणि तिन्ही गोष्टींबरोबर रोगही आले. रेल्वेतून साथी आल्या, पाटाच्या साचलेल्या पाण्यातून डास आले, आणि कारखान्याच्या चाळींतून दाटीचे रोग आले. म्हणून हा इतिहास येथे सांगणे योग्य आहे.

पहिले उदाहरण दूरचे घेऊ. १८५४ च्या ऑगस्टअखेर लंडनच्या सोहो भागात पटकीने असा कहर केला की दहा दिवसांत पाचशेच्या वर माणसे दगावली. त्या वेळच्या विद्वानांचे मत असे की पटकी दुर्गंधीने, म्हणजे दूषित हवेने होते. जॉन स्नो नावाच्या डॉक्टरने मेलेल्यांची घरे एकेक करून विचारली आणि त्याला दिसले की बहुतेकांनी ब्रॉड स्ट्रीटवरच्या एकाच पंपाचे पाणी प्याले होते. ७ सप्टेंबरच्या संध्याकाळी तो त्या वस्तीच्या पंचमंडळाच्या बैठकीत गेला आणि आपला हिशेब त्याने त्यांच्यापुढे मांडला. मंडळाला त्याचे शास्त्र पुरते पटले नव्हते. तरी दुसऱ्या दिवशी पंपाचा दांडा काढण्यात आला. साथ तोवर ओसरू लागली होती हे खरे. पण या हकीकतीतला मुद्दा निराळा आहे. स्नोने घरोघर विचारले, म्हणजे लोकांची साक्ष घेतली; आणि ती वस्तीच्या कारभाऱ्यांपुढे बैठकीत मांडली. सार्वजनिक आरोग्याचे शास्त्र या दोन पायांवर उभे राहिले.

आता आपल्या मुंबईकडे येऊ. आरोग्याची मागणी भरसभेत मांडणारा पहिला मोठा माणूस आम्ही शोधतो तेव्हा आम्हाला डॉक्टर सापडत नाही, कामगारांचा पुढारी सापडतो. नारायण मेघाजी लोखंडे. सत्यशोधक, 'दीनबंधु'चे संपादक आणि मुंबईच्या गिरणी कामगारांच्या संघटनेचे जनक. १८८४ च्या सप्टेंबरात त्यांनी परळला कामगारांच्या सभा भरवल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज सरकारी कमिशनपुढे ठेवला. त्यातल्या मागण्या पाहा. आठवड्याला एक दिवस सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच काम, पगार महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, आणि कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार. कायमचा पंगू झाल्यास त्याच्या पोटापाण्याची तजवीज. या पाच मागण्यांपैकी पगाराची तारीख सोडली तर बाकीच्या चारही आरोग्याच्याच आहेत. विसावा हे औषध आहे, हे त्या माणसाला ठाऊक होते.

२४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार बायाही बोलल्या. त्या काळी सुशिक्षित घरांतल्या स्त्रियांनासुद्धा सभेत तोंड उघडण्याची मुभा नव्हती, हे ध्यानात घेतले म्हणजे या दोन बायांच्या धैर्याची किंमत कळते. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आज रविवारी जो कोणी घरी निवांत बसतो, तो त्या सभेचे देणे लागतो.

पुढे सहा वर्षांनी प्लेग आला. २३ सप्टेंबर १८९६ रोजी मुंबई म्युनिसिपालिटीच्या स्थायी समितीच्या बैठकीत डॉ. अकासिओ व्हिएगस या सभासदाने उभे राहून सांगितले की मांडवी भागात गाठीच्या प्लेगचे रोगी आढळले आहेत. बंदराच्या शहरात असे बोलणे म्हणजे व्यापाराच्या मुळावर येणे होते. प्लेग म्हटले की परदेशी बंदरे मुंबईचा माल अडवणार, जहाजे परत फिरवणार. साहजिकच डॉक्टरांवर घबराट पसरवल्याचा आरोप झाला. परंतु बोलणे बैठकीत झाले होते, नोंदले गेले होते. ते दडपता येईना. तपासणी झाली आणि डॉक्टरांचे निदान खरे ठरले. तेच बोलणे एखाद्या साहेबाच्या खासगी खोलीत झाले असते तर आणखी किती दिवस दाबून राहिले असते, याचा विचार श्रोत्यांनी करावा.

यानंतर जे झाले ते मात्र सभेविना झाले. ऑक्टोबरात म्युनिसिपल कमिशनरने हुकूम काढला की रोग्याला सक्तीने इस्पितळात न्यावे. हुकूम कोणाला विचारून काढला नव्हता आणि कोणाला समजावूनही सांगितला नव्हता. इस्पितळात नेलेला माणूस परत येत नाही, अशी समजूत चाळीचाळींत पसरली. २९ ऑक्टोबर रोजी सुमारे हजार गिरणी कामगारांचा जमाव आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेला. दुसऱ्याच दिवशी हुकूम सैल करण्यात आला. का? कमिशनरला जी भीती वाटली ती आमच्यासारख्याने विसरू नये अशी आहे. शहराची घाण उचलणारे हलालखोर आणि बिगारी भिऊन पळून गेले तर शहर एक दिवसही राहण्याजोगे उरणार नाही, ही ती भीती होती. एरवी ज्यांना कोणी माणसात धरत नव्हते, त्यांच्या झाडूवर साऱ्या मुंबईचे आरोग्य टेकलेले आहे, हे साथीने सरकारकडून वदवून घेतले.

१८९७ च्या आरंभी जवळजवळ निम्मे शहर गावाकडे निघून गेले. राहिलेल्या मजुरांना गिरण्यांना रोजच्या रोज रोकड मोजावी लागली; जॉबर नाक्यानाक्यांवर उभे राहून एकमेकांवर चढाओढीने मजुरीचे दर बोलू लागले. जे कोणत्याही अर्जाने झाले नव्हते ते उंदरांनी आणि मरणाने केले. पण असा मिळालेला दर साथीबरोबरच ओसरला. संघटनेने मिळवलेली रविवारची सुट्टी टिकली; भीतीने मिळालेली मजुरी टिकली नाही.

४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगांचा कायदा झाला. कायदा अगदी लहान. पण त्याने सरकारला हवे ते करण्याचा अधिकार दिला आणि सरकारी नोकराला दाव्यापासून संरक्षण दिले. लोकांना काय विचारावे, त्यांची तक्रार कोणी ऐकावी, याबद्दल त्यात अक्षर नव्हते. या कायद्याच्या बळावर पुण्यात रँडसाहेबाच्या कमिटीने गोऱ्या शिपायांकरवी घरोघर झडत्या घेतल्या. पुढची हकीकत सर्वांना ठाऊक आहे. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चाफेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. लेफ्टनंट आयर्स्ट जागीच मेला आणि रँड ३ जुलैला मेला. शाळेच्या पुस्तकात ही गोष्ट गोळीपाशी संपते. आम्हाला तिच्या आधीचा आणि नंतरचा भाग अधिक बोधप्रद वाटतो.

त्या उन्हाळ्यात गोपाळ कृष्ण गोखले विलायतेत होते. पुण्याहून आलेल्या पत्रांवरून त्यांनी शिपायांच्या वर्तनाबद्दल गंभीर आरोप तेथील वर्तमानपत्रात केले. परत आल्यावर पुरावा देण्याची वेळ आली तेव्हा नावानिशी पुढे येऊन साक्ष देण्यास कोणी धजेना. गोखल्यांना गव्हर्नर सँडहर्स्टची जाहीर क्षमा मागावी लागली. घरात सोजिरांचे बूट फिरल्याचे साऱ्या पुण्याने पाहिले होते. पण ते सांगण्याची निर्भय जागाच नव्हती. जेथे भरसभेत बोलता येते, तेथे दहाजण बोलले की अकरावा धीर करतो. जेथे ती सोय नसते, तेथे खरे बोलणाऱ्यालाच माफी मागावी लागते. आणि ज्यांचा संताप शब्दांत निघत नाही, त्यांच्यातला एखादा पिस्तूल हाती घेतो.

त्याच साथीने आपली दोन माणसे नेली. ९ फेब्रुवारी १८९७ रोजी मुंबईत लोखंडे प्लेगने गेले. १० मार्च १८९७ रोजी पुण्यात सावित्रीबाई फुले गेल्या, चिरंजीव डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळच्या ससाण्यांच्या मळ्यात उघडलेल्या दवाखान्यात रोग्यांची सेवा करताना त्यांना लागण झाली. एक महिन्याच्या अंतराने गेलेली ही दोन्ही माणसे एकाच सत्यशोधक परंपरेतली. रोग्याला अस्पृश्य मानायचे नाही, एवढा एक धडा या दोन मरणांनी दिला, आणि तो कोणत्याही कमिशनच्या अहवालात नाही.

१८९८ साली हिंदुस्थान सरकारने प्लेग कमिशन नेमले. प्रोफेसर फ्रेझर त्याचे अध्यक्ष होते. कमिशन शहरोशहरी फिरले आणि त्याने शेकडो पाने साक्षी नोंदवल्या. साक्षीदारांत डॉक्टर आणि अधिकारी यांचा भरणा होता. त्याच साली कराचीत सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने उंदरावरच्या पिसवेतून प्लेग फैलावतो असे दाखवले होते; कमिशनने त्याला महत्त्व दिले नाही. उंदीर आणि पिसू यांचा संबंध अधिकृतपणे मान्य व्हायला १९०५ नंतरचे परळच्या प्रयोगशाळेतील काम व्हावे लागले. आणि मौज अशी की दख्खनच्या खेड्यांतला माणूस तोवर अनुभवाने शिकून गेला होता. घरात उंदीर पडू लागले की तो घर सोडून रानात खोपट बांधून राहत असे. शास्त्रज्ञ भिंती चुन्याने आणि फिनेलने धूत होते, आणि खेडूत रानात जाऊन जीव वाचवत होता. पुढे सरकारनेही सक्ती सोडून गाव मोकळे करण्याचा मार्ग धरला. लोकांचे सगळेच म्हणणे शास्त्राला धरून असते असे नाही. लस टोचली की माणूस मरतो असेही लोकच म्हणत होते. परंतु दोन्ही बाजू एका ठिकाणी बसल्या असत्या तर डॉक्टरांनी उंदरांचे ऐकले असते आणि लोकांनी लसीचे. हाफकिनने १० जानेवारी १८९७ रोजी लस आधी स्वतःला टोचून घेतली होती. हे चावडीवर कोणी नीट सांगितले असते तर कित्येकांचे भय गेले असते.

या न झालेल्या सभेची किंमत देशाने पुढची वीस वर्षे मोजली. प्लेगने हिंदुस्थानात सुमारे एक कोटी माणसे नेली. मग १९१८ च्या जूनमध्ये इन्फ्लुएन्झा मुंबईच्या गोदीत उतरला आणि पावसाळ्यानंतर त्याने रौद्र रूप धरले. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी मुंबईत ७६८ माणसे मेली. त्या साली पाऊसही दगा देऊन गेला होता. दख्खनच्या जिल्ह्यांत पोटात अन्न नाही आणि अंगात ताप, अशी गत झाली. मुंबईच्या नोंदीत युरोपियनांचा मृत्यूचा दर हजारी आठ आणि खालच्या मानलेल्या जातींतील हिंदूंचा हजारी एकसष्टहून अधिक पडला. रोग जात पाहत नाही असे आपण म्हणतो. रोग पाहत नसेल. पण खोलीची उंची, ताटातले अन्न आणि घराची खिडकी जात पाहूनच वाटली गेली होती, आणि रोग त्यांच्यामागून गेला.

खोलीचा विषय निघाला म्हणून एक आकडा सांगतो. १९२१ साली मुंबईत एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांत दर हजार नोंदलेल्या जन्मांमागे ८२८ अर्भके वर्षाच्या आत दगावल्याची नोंद आहे. चार अथवा अधिक खोल्यांच्या घरांत तोच आकडा १३३ होता. पुष्कळ बाया बाळंतपणाला गावी जात, जन्म तिकडे आणि मृत्यू इकडे नोंदला जाई, म्हणून पहिला आकडा फुगलेला आहे, असे जाणकार सांगतात. तो खुशाल निम्मा करा. तरी तो तिपटीहून अधिक राहतो. त्याच सुमारास डॉ. बार्न्स या बाईंनी गिरणीतल्या बायांची पाहणी केली. शंभरातल्या अठ्ठ्याण्णव बाया मुलाला अफूची बाळगोळी देत होत्या. आई दिवसभर साच्यावर. मूल झोपले नाही तर सांभाळायचे कोणी? तिला अडाणी म्हणणे सोपे होते. तिला पगारी रजा देणे अवघड होते.

ते अवघड काम कायदेमंडळात झाले. आसवले यांनी बाळंतपणाच्या भत्त्याचे बिल आणले आणि १९२८ च्या जुलैमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा देणारे भाषण केले. आईला बाळंतपणाच्या आधी व नंतर विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि बाईच्या श्रमाचा लाभ घेणाऱ्या मालकानेही त्याचा भार उचलला पाहिजे, हा त्यांचा युक्तिवाद होता. १९२९ साली मुंबई इलाख्यात हा कायदा झाला. देशातील हा अशा प्रकारचा पहिला कायदा. परंतु त्याची मर्यादाही पाहावी. तो कारखान्यातील बाईसाठी होता. कारखान्याच्या फाटकाबाहेर, उसाच्या फडात वाकलेली बाई त्या कायद्याला दिसत नव्हती. ही गोष्ट श्रोत्यांनी ध्यानात ठेवावी. तिच्याकडे आपल्याला पुन्हा यायचे आहे.

स्वराज्याच्या उंबरठ्यावर आरोग्याची मोठी योजना झाली. १९४३ साली नेमलेल्या समितीचे अध्यक्ष सर जोसेफ भोर हे नाशिकला जन्मलेले गृहस्थ. १९४६ च्या त्यांच्या अहवालात दोन गोष्टी ठळक आहेत: पैसे नाहीत म्हणून कोणीही उपचारावाचून राहू नये, आणि प्रत्येक गावात लोकांची आरोग्यसमिती असावी. त्याआधी, १९४० च्या सुमारास, कर्नल सोखी यांच्या उपसमितीने हजार लोकसंख्येमागे एक शिकवलेला आरोग्यसेवक असावा असे सुचवले होते. प्राथमिक आरोग्य केंद्रे निघाली. आज सपाटीच्या मुलखात तीस हजार वस्तीमागे एक, असा त्यांचा दंडक आहे. इमारती आल्या. समित्या मात्र कागदावर राहिल्या, आणि हजारामागचा आरोग्यसेवक यायला १९७७ साल उजाडावे लागले.

मधल्या काळात आपल्याच जिल्ह्याने एक वाट दाखवली. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य जामखेडला आले. त्यांनी गावोगावच्या बाया निवडल्या. त्यांतल्या कित्येक दलित, कित्येक निरक्षर. त्यांना बाळंतपण, जुलाबावरचे मीठ-साखरेचे पाणी, पाण्याची स्वच्छता आणि कुष्ठरोगाची ओळख शिकवली. पण त्याआधी गावाने एकत्र बसावे, आपल्या अडचणी आपणच सांगाव्यात, असा त्यांचा शिरस्ता होता. डॉक्टर औषध घेऊन गेले तेव्हा गावाने पाणी आणि अन्न मागितले, आणि तेथूनच काम सुरू झाले. १९७८ साली अल्मा-आटा येथे जगाने प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा केला, त्याच्या आधीच जामखेडच्या बाया ते काम करू लागल्या होत्या. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. शाळा न पाहिलेली बाई डॉक्टरला प्रश्न विचारू शकते, हे तेथे सिद्ध झाले.

सरकारी पातळीवर ही रीत महाराष्ट्रात २००७ पासून आली. ग्रामीण आरोग्य अभियानात लोकाधारित देखरेख हा भाग घालण्यात आला आणि अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे व ठाणे या पाच जिल्ह्यांत जनसुनवाया सुरू झाल्या. गावाने आपल्या आरोग्यकेंद्राला गुण द्यायचे, केंद्राच्या आवारात मांडव घालायचा, वैद्यकीय अधिकाऱ्यापुढे तक्रारी वाचायच्या आणि उत्तर तेथेच लिहून घ्यायचे. औषध बाहेरून लिहून दिले, पैसे मागितले, नर्स मुक्कामी राहत नाही, अशा त्या तक्रारी. आम्हाला त्यातली एक गोष्ट फार आवडली. कित्येकदा डॉक्टरच उभे राहून सांगत की औषधे वरूनच येत नाहीत, जागा रिकाम्या आहेत, एकटा माणूस किती पाहील? म्हणजे ज्याला लोक आरोपी समजून आले होते तो साक्षीदार निघाला. भरसभेचा हाच गुण आहे. ती राग योग्य पत्त्यावर पोहोचवते.

येथे एक आक्षेप घेतला जातो आणि तो टाळून चालणार नाही. आरोग्य हा जाणकारांचा विषय आहे. सभेत आवाज मोठा असेल त्याचे चालते. साथीच्या दिवसांत सभा भरवत बसले तर माणसे मरतील. यात तथ्य आहे. सभेने औषधाची मात्रा ठरवू नये. परंतु औषध पोहोचले की नाही, हे सभेशिवाय कोणी सांगू शकत नाही. आणि घाईच्या दिवसांत विश्वास लागतो; तो आधी भरलेल्या सभांतून साठवून ठेवावा लागतो, विहिरीतल्या पाण्यासारखा. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्राने कोरोनासाठी जो कायदा काढला तो १८९७ चाच होता. सव्वाशे वर्षांनंतरही त्यात लोकांना विचारण्याचे कलम नव्हते. त्या साथीत ज्या गावांनी आपल्या समित्या करून घरोघर चौकशी ठेवली, त्यांनी आजार लवकर ओळखला. आपल्या जिल्ह्यातील हिवरे बाजार २०२१ च्या मे महिन्यात कोरोनामुक्त झाल्याचे देशाने वाचले. त्या गावाला एकत्र बसण्याची सवय कोरोनाच्या कितीतरी आधीची होती.

आता फडातल्या त्या बाईकडे येऊ. २०१९ साली बीड जिल्ह्यातून बातमी आली की ऊसतोडणीला जाणाऱ्या बायांची गर्भाशये मोठ्या प्रमाणात काढली गेली आहेत. प्रश्न विधिमंडळात गेला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. आरोग्य खात्याने ८२ हजारांहून अधिक बाया तपासल्या. त्यांतल्या १३ हजारांहून अधिकांची गर्भाशये काढलेली होती. कारणे अनेक आहेत. पण ऊसतोडीची रीत ज्याला ठाऊक आहे त्याला त्यातले एक कारण चटकन कळते. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली. एक दिवस कामाला गेले नाही तर खाडा, आणि खाड्याचा दंड. पाळीच्या दिवसांत, दुखण्यात, बाळंतपणात खाडा परवडत नाही. पाण्याची सोय नाही, आडोसा नाही. मग अंगावरचे दुखणे वाढते, खासगी दवाखान्याची पायरी चढावी लागते, आणि तेथे पिशवी काढण्याचा सल्ला मिळतो. १८८४ साली लोखंड्यांनी मागितलेला विसावा या बाईपर्यंत एकशे पस्तीस वर्षांत पोहोचला नव्हता.

ही बाई बीडची आहे म्हणून बेलापूरने कानावर हात ठेवू नयेत. बीड, पाथर्डी, जामखेडच्या टोळ्या आपल्याच पाटाच्या मुलखात उतरतात. दिवाळीनंतर आपल्या शिवारात त्यांच्या कोप्या पडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडी त्या उठतात. चार-पाच महिने ही माणसे आपल्या गावचे पाणी पितात, आपल्या रस्त्यावरून गाड्या हाकतात, त्यांची मुले आपल्या हद्दीत आजारी पडतात. ग्रामसभा मात्र गावच्या मतदारांची. कोपीतल्या बाईचे नाव येथल्या यादीत नाही. आणि ती येथे असते तेव्हा तिच्या गावची ग्रामसभा तिच्यावाचून होते. म्हणजे दोन गावांची सावली तिच्यावर पडते आणि सभा एकाही गावची नाही. साखरेच्या पोत्यावर कारखान्याचे नाव असते; ज्या हाताने ऊस तोडला त्या हाताचे नाव कोणत्याच हजेरीपटावर नसते.

आणि जी बाई या कोपीपर्यंत चालत जाते, ती आशाताई, तिचीही गोष्ट ऐका. हजार वस्तीमागे एक, घरोघर फिरणारी, लसीकरणापासून बाळंतपणापर्यंत सर्व पाहणारी. २०१३ साली भारतीय श्रम परिषदेने शिफारस केली की योजनांतल्या अशा सेविकांना कामगार मानावे आणि किमान वेतन द्यावे. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने आशांचा गौरव केला. महाराष्ट्रातील आशांना मात्र मोबदल्यासाठी २०२१ आणि २०२३ साली संप करावा लागला. कामगार असून कामगार नाही, हा न्याय आम्हाला नवा नाही. १८९६ साली हलालखोरांचीही हीच स्थिती होती. शहर त्यांच्यावाचून चालत नव्हते आणि शहराच्या हिशेबात ते नव्हते.

आमचे म्हणणे थोडक्यात सांगून पुरे करतो. कायद्याने ग्रामसभा वर्षातून चार वेळा घ्यायची असतेच. गावची आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीही असते. नवे काही मागण्याची गरज नाही. आहे त्याचा हिशेब मागावा. चारपैकी एक सभा केवळ आरोग्याची ठेवावी आणि ती गळीत हंगामात, टोळ्या गावात असताना घ्यावी. तिला आरोग्यकेंद्राचे डॉक्टर, आशाताई, पाणी सोडणारा शिपाई आणि कारखान्याचा शेतकी अधिकारी यांना बोलवावे. कोपीतल्या माणसांना मत नसेल. पण तोंड आहे. त्यांना बोलू द्यावे आणि बोललेले इतिवृत्तात लिहावे. पाण्याच्या तपासणीचे लाल, पिवळे, हिरवे कार्ड भिंतीवर लावावे. आरोग्यकेंद्रात कोणती औषधे आहेत आणि कोणती नाहीत, याची यादी वाचावी. गेल्या सभेत काय ठरले आणि त्यातले काय झाले, हे आधी विचारावे. अशा सभेत पहिल्या वर्षी भांडणे होतील, दुसऱ्या वर्षी उत्तरे मिळतील, तिसऱ्या वर्षी अधिकारी उत्तर तयार करूनच येतील. युनियनच्या वाटाघाटींत आम्ही हा क्रम अनेकदा पाहिला आहे.

व्हिएगस बैठकीत उभे राहिले, महालक्ष्मीवर दोन बाया उभ्या राहिल्या, जामखेडच्या ओट्यावर निरक्षर बाई उभी राहिली. तेव्हा जे झाले ते उभे राहिल्यामुळे झाले. पुढच्या हंगामात आपल्या शिवारातली एखादी तोडणीवाली बाई उभी राहील आणि आमच्या कोप्यांना पाणी कुठून देणार, असे विचारील. त्या वेळी तिला खाली बस म्हणणारा कोणी बेलापूरच्या सभेत नसावा. आणि तिच्या प्रश्नापुढे तारीख घालून तो लिहून घेणारा एक तरी माणूस असावा.